अरबी बातमीखाली आण्णांचा निरोप

डिंगोऱ्याहून नारायणगावला जाणाऱ्या जीपमध्ये आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं, "पोरगी दोहाला चाललीय. नोकरीला." टोमॅटोचे क्रेट सांभाळत बसलेल्या एका पावण्यांनी लगेच सल्ला दिला, "ऊन लई असतंय तिकडं, डोक्यावर घेत जा कायतरी." एका अनोळखी म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवला. अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झालेली मी लाजेनं अर्धी झाले होते. नारायणगावात माझी एसटी सुटताना आण्णा एवढंच म्हणाले, "माणसं बघून बोल, पण बोल."

त्याला आता सात वर्षं झाली. इथं माझं काम काय, हे गावात कुणाला धड सांगता येत नाही. एका अरबी बातम्यांच्या पेजवर लोक ज्या कमेंट टाकतात, त्या मी चाळते. शिव्या, धमक्या, कुणाचे फोन नंबर असं काही दिसलं की लपवायचं. हिंदी, उर्दू, मराठी हा माझा प्रांत, पण शेजारच्या टेबलावरच्या रीमनं मला अरबीही वाचायला शिकवलं. रीम सीरियाची. तिचं गाव तिला आता फक्त बातमीतच दिसतं. आमच्या पेजवर देवाकडे दुवा मागणारे असतात, एकमेकांच्या सात पिढ्या काढणारे असतात, आणि मयताच्या बातमीवर हसणारं तोंड चिकटवणारे महाभागही असतात. सुरुवातीला मला जेवण जायचं नाही. मग सवय झाली, आणि सवय झाली याचंच वाईट वाटायला लागलं.

मागे एकदा इथून जवळच क्षेपणास्त्रं पडली. पेजवर कमेंटचा पूर लोटला. चार दिवस मी घरी फक्त "ठीक आहे" असा मेसेज टाकत राहिले. फोन मात्र केला नाही. कामाचं निमित्त होतं, पण खरं सांगते, आण्णा "परत ये" म्हणाले असते तर मी तशीच विमानतळावर गेले असते. मला तेच नको होतं.

पाचव्या दिवशी दुपारी माझ्यासमोर एक मराठी कमेंट आली.

"राम राम. मु. पो. डिंगोरे, ता. जुन्नर. माझी मुलगी सुनीता दोहाला हाय. कुणाला भेटली तर सांगा, घरी फोन कर म्हणावं. मेसेज नको, आवाज पायजे. आई जेवत न्हाई." आणि खाली घरचा मोबाइल नंबर.

आमच्याकडे निरोप असाच जातो. बाजारला निघालेल्या कुणालाही हटकायचं, "अमक्या गावचं कोण भेटलं तर एवढं सांगा," आणि निर्धास्त घरी यायचं. संध्याकाळपर्यंत निरोप पोचतो. दोहाची बातमी दिसली, तिथं हजारो माणसं बोलताना दिसली, तेव्हा आण्णांना तोही बाजारच वाटला असणार.

खाली उत्तरं आली होती. लोकांनी भाषांतर करून घेतलं होतं. मोरोक्कोच्या एका बाईनं दुवा दिली होती. एकानं "दोहावाल्यांनो, सुनीताला शोधा" असं लिहिलं होतं. वर दोघं जण तासभर एकमेकांचे वाभाडे काढत होते, त्यातला एक भांडण मध्येच टाकून विचारत होता, "काका, मुलगी सापडली का?" रीम माझ्या खांद्यावरून वाचत होती. "फोन कर," ती म्हणाली. मी तिथंच रडायला लागले होते.

नियमाप्रमाणे नंबर असलेली कमेंट लपवली आणि जिन्यात जाऊन फोन लावला. माझा आवाज ऐकून आण्णांनी आधी आईला हाक मारली. मग म्हणाले, "पोचला म्हणायचा निरोप! लई चांगली माणसं हायेत गं तिकडं." निरोप कुणी पोचवला, ते मी सांगितलं नाही. आईशी बोलले. फोन ठेवता ठेवता आण्णा म्हणाले, "त्यांना कळव, पोरगी बोलली म्हणून. उगा घोर लावून बसली असतील."

म्हणून सुट्टी झाल्यावर, सात वर्षांत पहिल्यांदाच, मी स्वतःच्या नावानं त्या पेजवर अरबीत लिहिलं : "मी सुनीता. डिंगोऱ्याच्या आण्णांची मुलगी. सुखरूप आहे. घरी बोलले."

खाली बरेच बदाम आले. इराकमधल्या बसऱ्याच्या एका गृहस्थांनी मात्र विचारलं, "मुली, मग घरी कधी जाणार?"

त्यांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण तो प्रश्न वाचला आणि ध्यानात आलं, फोनवर आण्णांनी तो विचारलाच नव्हता. ओठांवर आला असणार, आणि माझ्यासाठी त्यांनी तो गिळला असणार. माझ्यासारखे लांब गेलेले तुम्ही, आणि तिकडे गावी राहिलेले तुम्ही, घर म्हटलं की काय आठवता ते मला माहीत नाही. मला आता शेत, ओसरी काही आठवत नाही. दर वेळी फोन ठेवण्याआधी आण्णा क्षणभर गप्प राहतात, तेवढं ऐकू येतं.