मागचा प्लॉट रोडटच

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो हाडांत गेलाय हे कळल्यावर, चिडायचं कुणावर, हे मी आधी शोधायला लागले. स्वभावच तसा. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत पाणी गेलं की लोक माझ्या दाराशी येतात, कारण मी तावातावाने भांडते. बाबांची तंबाखू, हळदी-लग्नांतली दारू, जागेच्या धंद्यातलं अवेळी जेवण, सगळ्यांना मनात धारेवर धरून झालं होतं.

डॉक्टरने माझी पंचाईत केली. तरुण, पुण्याहून नुकताच आलेला. बायोप्सीत काय दिसलं ते कागदावर रेघ ओढून सांगू लागला. ही रेघ म्हणजे गुणसूत्र. हे पुढचं जनुक, पुरुष हार्मोनचा हुकूम आला की चालू होणारं, आणि प्रोस्टेटमध्ये तो हुकूम येतच असतो. हे मागचं जनुक, इथे गप्प बसलेलं. दोन्हींमधला तुकडा तुटून गळाला आणि टोकं जुळली. आता हार्मोन आलं की मागचं जनुक जागं होतं आणि पेशींना नको त्या वाटेला लावतं. बऱ्याच रुग्णांत हा जोड सापडतो, म्हणाला.

बाबा कागदावर वाकले. सगळं आयुष्य जागांच्या व्यवहारात गेलेला माणूस.

"म्हंजी मधली जागा गेली, नि मागचा प्लॉट रोडटच झाला."

डॉक्टरला कळेना. मी सांगितलं, आमच्याकडे मधली जमीन रस्त्यासाठी संपादनात गेली की मागचं पडीक शेत थेट रस्त्याला लागतं, आणि जिथे कुत्रं फिरकत नव्हतं तिथे बघता बघता टॉवर उभा राहतो. अगदी तसंच, म्हणाला तो, आणि हसला.

मला हसू येईना. "पण हे आलं कुठून? आजोबांकडून?"

"नाही. हा जोड जन्मतः नव्हता. त्या ग्रंथीतल्याच एखाद्या पेशीत कधीतरी झाला. का झाला, ते नेमकं सांगता येत नाही."

मी हबकलेच. ज्या हार्मोनमुळे बाबांना मिशी आली, आम्ही भावंडं झालो, तेच आतून त्या गाठीला खतपाणी घालत होतं. आणि यात दोष कुणाचाच नाही! भांडायला समोर कुणीच नाही, असं माझं कधी झालं नव्हतं.

"मंग रोड बंद करा," बाबा म्हणाले.

"तेच करायचंय, काका. इंजेक्शनने हार्मोन थांबवायचं. हा आजार मुळापासून जाईल असं नाही, पण आटोक्यात राहील. चांगली वर्षं मिळतील." मग आवाज उतरवून त्याने बाकीचं सांगितलं. अंगातून वाफा येतील, ताकद कमी होईल, आणि ती इच्छाही जाईल.

"मंग नको." बाबा उठलेच.

मी दार अडवलं. आता भांडायला माणूस मिळाला होता. पण आमच्या घरात असल्या गोष्टी बाप-लेकीत निघत नाहीत.

"बाय, तू जरा भायेर जा."

मी हलले नाही. तेव्हा माझ्याकडे पाठ करून त्यांनी डॉक्टरला विचारलं, "सुई घेतल्यावर मी बाप्यामानूस रानार का नाय?"

ज्यांच्या एका हाकेला आमच्या ओवे गावातली भांडणं थांबायची, ते बाबा घाबरले होते. कॅन्सर ऐकूनही मला इतका धक्का बसला नव्हता.

"मला बाप्यामाणूस नकोय!" मी ओरडले. "मला बाबा हवेत."

बाहेर बसलेल्यांनीही ऐकलं असणार. बाबा परत खुर्चीत बसले आणि शर्टाची बाही वर सरकवायला लागले.

"काका, दंडात नाही, पोटात देतात," डॉक्टर म्हणाला.

बाबांचा हात थांबला. त्यांनी बाही नीट खाली केली आणि गळ्यापासून एकेक बटण सोडायला घेतलं. शेवटचं बटण मी सोडलं.