पंपाचे वायसर

लग्नाआधीच बायकोनं एक अट घातली होती. वर्षभर लेकरू नको, पोलीस भरती निघायची आहे. ती रोज पहाटे तेलगावच्या रस्त्यावर पळायची, माहेरच्यांनी उसाच्या पैशातून घेऊन दिलेले बूट घालून. मी लगेच "हौ" म्हणालो. हौ म्हणायला मला कधीच वेळ लागत नाही.

लग्नानंतर आठव्या दिवशी गावच्या आशाताई आल्या. घरोघरी सरकारी दवाखान्याचं काम करणारी ही आशाताई म्हणजे माझी चुलत वहिनीच. नव्या जोडप्याला फुकट मिळणारी सरकारी पिशवी माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, "भावजी, दोघांनीच उघडा बरं."

पण आमच्या घरी आहेर चारचौघांत उघडतात. आईनं पिशवी तिथंच ओट्यावर उपडी केली. टॉवेल वडिलांच्या खांद्यावर गेला, कंगवा आईनं घेतला, आरसा पुतणीनं पळवला. उरल्या काही चौकोनी पुड्या आणि गोळ्यांचं एक पाकीट.

वडिलांनी एक पुडी चिमटीत दाबून बघितली. आत गोल कडं लागलं.

"काय बे हे?"

बायको माझ्याकडं बघत होती. नुसतं "आमचं हाय" म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"फवारणीच्या पंपाचे वायसर," मी म्हणालो. "सरकार वाटायलंय."

"आन् गोळ्या?"

"डोकेदुखीच्या."

आईचं डोकं बारमाही दुखतं. तिनं पाकीट लगेच उचललं. ती गिळेल या भीतीनं मी दुसऱ्या दिवशी ते चोरलं आणि उकिरड्यात पुरलं. बायकोला नेऊन द्यावं, हे पुरून झाल्यावर सुचलं. वायसर वडिलांनी अवजाराच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली त्यांच्या करदोड्याला.

सरकारी दवाखान्यात भिंतीवर तसल्याच पुड्यांचा फुकटचा डबा होता. 'न विचारता घ्या' असं त्यावर लिहिलेलं. समोरच्या बाकड्यावर मात्र बीपीच्या गोळ्यांसाठी अख्खं गाव बसलेलं, आणि विचारायला सगळेच तयार. "काय रे, काय होतंय तुला?" तीनदा गेलो, तीनदा खोकल्याचं औषध घेऊन आलो.

"मिळालं का?" बायको विचारायची.

"आज डबा रिकामा होता."

ती तेच खरं धरून चालली.

कापसावर फवारणी सुरू झाली आणि पंप गळायला लागला. वडिलांनी रानात, दोन गड्यांच्या देखत, पुडी फोडली. घरी आल्यावर मला एक शब्द बोलले नाहीत. आईला बोलले. आई बायकोला बोलली.

"कावून गं, लेकरू नको व्हय तुला? पळून पळून पोट आटवायलीस, आन् वरून हे थेर?"

अट दोघांची होती. मी दाराआड उभा राहून पायातला काटा काढत होतो. काटा नव्हता.

पुढच्या आठवड्यात वहिनी पुन्हा आली. आईनं तिला उंबऱ्यावरूनच परतवलं. "पहिलं लेकरू होऊ दे, मग आण तुझी पिशवी." तेव्हाही मी दाराआडच होतो.

भरतीचं मैदान लागलं तेव्हा बायकोला सहावा महिना होता. प्रवेशपत्र तिनं घडी करून बुटात घातलं. मी म्हणालो, "पुढच्या बारीला बघू." ती म्हणाली, "तुमी नका बघू."

मुलगी दोन महिन्यांची झाली आणि वहिनी पुन्हा दारात आली. आई उठायच्या आत बायको लेकराला खांद्यावर घेऊन उंबऱ्याशी गेली.

"द्या, जाऊबाई. माझ्याच हातात द्या."

बायकोनं ते सगळं बुटांसोबत आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली मंगळसूत्रात ओवली.

मुलगी आता रांगते. बायको पहाटे उठून पळायला जाते. ती किल्ली मागायची माझी अजून हिंमत झालेली नाही, आणि तीही आपणहून काढून देत नाही.