या खेपेला अंगणच वाकडं

आमचे हे काचवाले. खाली दुकान, वर घर आणि दारात पिकअप. पिकअपच्या पाठीवर तिरपी लाकडी घोडी, तिला जुन्या सतरंजीचे तुकडे ठोकलेले. तिला टेकून लोकांचे आरसे, खिडक्यांच्या काचा, दुकानांची दारं गावभर फिरतात. काचेत आयुष्य गेलं की माणसाचा हात हलका होतो म्हणतात. यांचा जन्मतःच हलका असणार. कप ठेवला तर आवाज नाही, दार लावलं तर आवाज नाही. भांडणातसुद्धा आवाज नाही, ते खातं माझ्याकडे.

गाडीवरचा पाय तर विचारूच नका. आमचा मुलगा लहानपणी रडून घर डोक्यावर घ्यायचा. मी त्याला मांडीवर घेऊन यांच्या शेजारी गाडीत बसायचे. चौक यायच्या आत गडी गार. आणि तोच गडी मोठा होऊन बापाला म्हणतो काय, तर "बाबा, तुमचा पाय आता पहिल्यासारखा राहिला नाही."

झालं असं, की पिकअप झटके द्यायला लागली. गाडी आपले गिअर आपणच बदलणारी, क्लचची भानगडच नाही. पण मध्येच अशी हिसका द्यायची, की मानेला कळ यावी. आधी एका सलूनचा आरसा गेला. मग एका दवाखान्याच्या दाराची काच. हे खाली उतरायचे, तडा बघत उभे राहायचे आणि सतरंजीचा तुकडा उगाच सारखा करायचे. मुलाला म्हणाले, "गाडी झटका देते रे."

मुलगा मोबाईलमधून डोकं वर न काढता हसला. "काय बाबा, नाचता येईना अंगण वाकडं!"

मुलगा वाईट नाही हो. त्याने गाडी दोनदा कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली होती, झटका कसला तो लागलाच नाही. वर यांचा उजवा गुडघा कुरकुरतो, हे त्यालाही माहीत. काळजीच वाटत होती त्याला. पण काळजी अशी हसत हसत तोंडावर मारतात का?

यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. काच कापायच्या टेबलामागे खिळा आहे, त्याला ती अडकवली आणि म्हणाले, "सोमवारपासून ड्रायव्हर ठेव."

संध्याकाळी मी कपडे काढायला गच्चीवर निघाले, तर हे जिन्यात. खालच्या पायरीवर उजवा पाय ठेवून हळूच दाबत होते, हळूच सोडत होते. परत दाबत होते. स्वतःचाच पाय तपासत होते हो! आणि मग माझं डोकं जे तापलं, ते तापलं.

मी थेट ठिणगीला फोन लावला. ठिणगी म्हणजे माझ्या दिरांची मुलगी. लहानपणी हिने प्लगमध्ये केसांची पिन घातली होती, तेव्हापासून हेच नाव. आता मागच्या गल्लीत गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज चालवते आणि चांगलं जोरात चालवते. आली ती हातात मशीन घेऊनच. गाडीला जोडलं. ऑइल बघितलं, वायरी बघितल्या. आणि आमची पिकअप डॉक्टरसमोर बसलेल्या पोरासारखी शहाणी झालेली.

"काकू, गाडीच्या मेमरीत बिघाडाची काहीच नोंद नाही. दादाने नवी बॅटरी घातली ना परवा? त्यात सगळं पुसलं गेलं असणार."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" मुलगा म्हणाला.

"तू गप्प बस," मी म्हटलं. "ठिणगे, सलूनच्या खेपेला मी गाडीत होते. निघाल्या निघाल्या काही नाही. बराच वेळ चालली, तापली, मग सुरू झालं."

ठिणगीचे डोळे चमकले. "तापल्यावरच बोलते म्हण की. तुझ्यासारखी."

"मग तापवू या. चालवणार हा." मी मुलाकडे बोट केलं. "आणि मागे माझ्या कपाटाचा आरसा चढवा. रिकाम्या गाडीत सगळेच शहाणे."

हे दुकानात मान खाली घालून काच पुसत होते. चला म्हटलं तर नुसती मान हलवली. म्हटलं राहू दे. आम्ही तिघं निघालो, मी मध्ये, ठिणगी मशीन मांडीवर घेऊन खिडकीशी. मुलगा असा जपून चालवत होता, की सायकलवाले पुढे जात होते. बाजार झाला, पूल झाला, कारखान्यांचा लांब रस्ता झाला. पाण्याच्या टाकीचा चढ लागला आणि गाडीने असा हिसका दिला, की माझं कपाळ समोर आपटता आपटता राहिलं. मागून खळ्ळकन आवाज आला. समोर पिवळा दिवा लागला आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून रेकत चढायला लागली.

"मी काही केलं नाही!" मुलगा ओरडला.

"हो का? पाय दाखव बघू तुझा," मी म्हटलं. "का अंगण वाकडं आहे?"

ठिणगी इतकी हसली, की मशीन मांडीवरून घसरलं. मुलाचे कान लाल. माझा आरसा गेला, पण खरं सांगते, काच फुटल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

गाडी दारात आली. ठिणगीने बॉनेट उघडून बॅटरीच्या शेजारचा एक चपटा डबा दाखवला, तळहाताएवढा. "कुठला गिअर कधी टाकायचा, हे हा ठरवतो. आतून गेलाय. गरम झाला की भ्रमिष्टासारखं करतो." मग तिने इंजिन पार गार होऊ दिलं, यांना हाताला धरून बाहेर आणलं, आणि माझं केस वाळवायचं मशीन फक्त त्या डब्यावर धरलं. इंजिन नुकतं चालू केलेलं, गाडी जागची हललेली नाही, पेडलवर कुणाचा पाय नाही. थोड्या वेळात पिवळा दिवा टक्कन लागला.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, काका?" ठिणगी म्हणाली. "जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं तुमचं."

हे दिव्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत.

शनिवारी नवा डबा आला. ठिणगीने बॅटरीची तार सोडली, जुना डबा उतरवला, नवा बसवला, लॅपटॉप जोडून त्याला या गाडीची ओळख करून दिली. मग हात पुसत म्हणाली, "आता हा कोरी पाटी आहे. जो चालवेल त्याच्या पायावरून शिकेल. छान तापेपर्यंत चालवा, सगळे गिअर पडू द्या, हळू थांबवा, परत निघा."

मुलगा पुढे झाला. "मी नेतो."

"ज्याच्या पायाने रोज चालायचं, त्यानेच शिकवावं," ठिणगी म्हणाली.

हे मागे सरकले. "नेऊ दे त्याला." मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "माझा मलाच भरवसा राहिला नाही गं. डबा चुकीचं शिकला तर?"

मी खिळ्यावरची किल्ली आणली आणि त्यांच्या हातात कोंबली. "अहो, या घरात तुमच्याकडून कोण चुकीचं शिकलंय? आपला पोरगा शिकला नाही, ती गोष्ट वेगळी. चला, माझ्या कपाटाला आरसा नाही, चार दिवस भांग अंदाजाने पाडतेय मी. नवा कापलाय तो घोडीवर चढवा, बाजारातून फिरवून आणा."

"आरसा चढवून?"

"मग काय रिकामी?"

मुलाने आणि ठिणगीने आरसा घोडीला बांधला. हे चढले. गाडी निघाली ते मला कळलंच नाही, फक्त आरशातलं आमचं दुकान हळूहळू लहान होत गेलं.

बराच वेळ गेला. मुलगा दारात येरझाऱ्या घालत होता. माझाही जीव टांगणीला लागलेला. कोपऱ्यावरून पिकअप वळली. आली आणि मुलाच्या अगदी पुढ्यात थांबली, पण कधी थांबली ते सांगता येऊ नये. मागे आरसा अख्खा, आणि त्यात मी, विस्कटलेल्या भांगासकट.

यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. हसत होते. शेजारच्या सीटवर थाप मारून मुलाला म्हणाले, "डबा शिकला. आता तू बस."

मुलाने मोबाईल माझ्या हातात दिला आणि निमूट जाऊन बसला. चौक यायच्या आत त्याने खिडकीतून मागे हात करून मला हलवून दाखवला, जरा मोठा झाल्यावर बाबांबरोबर एकटा जायचा, तेव्हा दाखवायचा तसा.