डावा पाय आधी

सकाळी फोन वाजला तेव्हा बेटाच्या माथ्यावरच्या आमच्या क्युरपिपमध्ये नेहमीची झिमझिम चालू होती आणि मी दोरीवरचे कपडे पुन्हा एकदा आत ओढत होते. पलीकडून माझा भाचा दिलीप म्हणाला, "आत्या, पापा गेले गं…" आणि माझ्या तोंडून निघालं, "पाय थांबले?" असला प्रश्न कुणी विचारतं का? पण दिलीपही त्याच बापाचा मुलगा. तो म्हणाला, "वी, आत्या, हो. थांबले." मग आम्ही दोघं फोनवरच रडलो आणि कपडे भिजले ते भिजलेच.

त्याला आता काही आठवडे झाले. लिहायला बसते आणि उठते. चहाचं आधण ठेवते आणि विसरते, खिडकी उघडते, लावते. स्वस्थ बसणं आमच्या घराण्यात कुणालाच जमलं नाही, पण माझ्या थोरल्या भावाला, सखारामदादाला, ते मुळीच माहीत नव्हतं. बों अक्योय गावच्या उसात जन्मलेला हा माणूस पन्नास-साठच्या दशकांत मोठ्या प्रवासी बोटींवर गोऱ्या बायकांना वॉल्ट्झ शिकवत होता, हे बेटावरच्या आपल्या मराठी समाजात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्यावर बोललंही भरपूर गेलं, बहुतेक त्याच्या पाठीमागे. म्हणून एकदा घरच्या माणसानं तोंडावर सांगावं म्हणते.

शेवटची भेटले तेव्हा तो पलंगावर पडून होता. आवाज खोल गेलेला, हात काडीसारखे, पण चादरीखाली पाय आपले चालूच. मी म्हटलं, "दादा, आता तरी थांब." तो म्हणाला, "चंपे, सगळ्या जगाला फिरवलं गं मी. हिनं मात्र लोकांसमोर एकदा पण हात दिला नाय." आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वनिता वहिनीकडे बघून हसला. वहिनीनं डोळे वटारले आणि आत गेली. मला त्या क्षणी वहिनीचा असा राग आला की काय सांगू… मरणाऱ्या माणसाची एवढी साधी हौस, आणि ही बाई पदर खोचून भाजी ढवळते!

लहानपणापासून आई म्हणायची, याच्या पायाला भिंगरी हाय. गणपतीत पुरुषांची झाकरी, म्हणजे गाण्यावरचा फेराचा नाच, सुरू झाली की पायात घुंगरू बांधून हा सगळ्यांत पुढे. बाबांना वाटायचं, उसाच्या कामात लागेल तर पाय ठिकाणावर येतील. एक हंगाम गेला, दुसरा गेला, आणि एके दिवशी कोयता मेरेवर टाकून हा क्युरपिपला चुलत्याकडे पळाला. चुलता एका बंगल्यावर माळी होता. त्यानं दादाला मादाम ओदेतच्या हॉलवर चिकटवून दिलं. ही मादाम मळेवाल्यांच्या आणि साहेबांच्या मुलींना नाच शिकवायची. हॉलला फळ्यांची लांबरुंद जमीन होती आणि दादाचं काम ती चमकवायचं. आपल्याकडे हे कसं करतात ते इथल्या वाचकांना सांगायला नको, पण हल्ली पोरांनी फक्त टाईल्स पाहिल्या आहेत म्हणून सांगते: जमिनीवर मेण लावायचं, नारळाचं सोडण अर्धं कापून पायाखाली घ्यायचं आणि घासत, सरकत सगळी खोली पालथी घालायची. मादाम सकाळी ग्रामोफोन लावून तबकड्या तपासायची आणि दादा सोडणावर सरकायचा. मादामनं चष्मा वर करून ते पाहिलं. तिच्याकडे मुली ढीगभर होत्या आणि मुलगे औषधालाही नव्हते. तिनं विचारलं, "सोडण न घेता येईल का रे तुला असं सरकायला?"

येईल म्हणाला, आणि पहिल्याच दिवशी मादामच्या बोटावर पाय देऊन मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झालं होतं असं, की त्या नाचात पुरुषानं डावा पाय आधी टाकायचा असतो, बाईनं उजवा मागे घ्यायचा. आणि आमच्या आईनं तर आम्हाला उंबरा ओलांडताना, पाटावर बसताना, शाळेत जाताना, अगदी बसमध्ये चढतानाही उजवा पाय आधी टाकायला शिकवलेलं. डावा आधी टाकला तर मागे बोलावून परत चालायला लावायची. दादा संगीत सुरू झालं की मनात देवाचं नाव घ्यायचा आणि श्रद्धेनं उजवा पाय पुढे! मादाम कळवळून ओरडायची, "पण का? का?" आता तिला काय सांगणार? शेवटी त्यानं सोडण डाव्या पायाखाली घ्यायला सुरुवात केली. जमीन घासता घासता डावा पाय पुढे येऊ लागला. तेव्हापासून आयुष्यभर त्याचं सोडण डाव्या पायाखालीच राहिलं. आईला हे कळलं तेव्हा तिनं देवापुढे दिवा लावून माफी मागितली, त्याच्या वतीनं.

बोटीचं काम मादामच्याच ओळखीनं लागलं. लांबच्या प्रवासाला निघालेल्या बोटींवर एकट्या बायका पुष्कळ असत, बहुतेक वयस्क. संध्याकाळी बँड वाजतो आणि या खुर्चीत बसून राहतात. त्यांना नाच शिकवायचा, त्यांच्याबरोबर नाचायचं, यासाठी कंपनी माणूस ठेवायची. या कामाचे कायदे दादा आम्हाला मोठ्या थाटात सांगायचा. एकाच बाईबरोबर लागोपाठ दोनदा नाचायचं नाही. जी चांगली नाचते तिच्यापेक्षा जी घाबरते तिला आधी उठवायचं. नाच संपला की तिला तिच्या खुर्चीपर्यंत सोडायचं, मध्येच हात सोडायचा नाही. आणि कुणाच्याही टेबलाशी बसायचं नाही. ही शिस्त त्याच्या इतकी अंगात मुरली की पुढे आमच्या लग्नाकार्यांतही तो सगळ्या म्हाताऱ्यांपाशी सारखा वेळ उभा राहायचा, "काकी, जेवलीस?" म्हणून विचारायचा, आणि कुठेच टेकायचा नाही.

बोटीवर त्याचं नाव झालं मिस्ये साशा, म्हणजे साशासाहेब. सखाराम कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून, असं तो सांगायचा. खरं कारण वेगळं होतं आणि ते मला अजून टोचतं. त्या काळी गोऱ्या बाईच्या कमरेला उसातल्या कुलीच्या पोरानं हात लावलेला चालला नसता. त्याचा रंग गव्हाळ, नाक सरळ. कुणाला तो पोर्तुगीज वाटायचा, कुणाला इजिप्तचा. वरच्या साहेबानं बजावलं होतं, कुणी विचारलं तर नुसतं हसायचं. तो हसायचा. किती बंदरं गेली, तो हसतच राहिला.

मग एकदा बोट पोर्ट लुईला लागली आणि आईनं हट्ट धरला, मला पोराची बोट बघायची. बाबा, आई आणि मी असे बंदरात छोट्या होडीत बसून मोठ्या बोटीकडे गेलो. आईनं समुद्राला द्यायला नारळ आणि मूठभर तांदूळ पदरात बांधून घेतले होते, कारण पाण्यात पाऊल टाकण्याआधी दर्याला मान द्यायचा हे ती तिच्या आईकडून शिकली होती. पण होडी इतकी हलली की नारळ द्यायचं भान कुणाला राहिलं नाही. वर पोहोचलो तर दुपारच्या चहाच्या वेळी नाच चाललेला. समोर दादा, पांढरा कोट, केस चापून बसवलेले, आणि त्याच्या हातात हात देऊन पांढऱ्या केसांची एक इंग्रज बाई. दादाचा दुसरा हात तिच्या पाठीवर.

आई जागच्या जागी थबकली. मग माझ्या कानात म्हणाली, "चंपे, ह्यानं लगीन केलान." मी काही बोलायच्या आत ती नाचाच्या मधोमध चालत गेली. वय बघून तिला दुःख झालं असणार, पण सून ती सून! कनवटीची डबी काढून आईनं त्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं आणि तांदूळ-नारळानं तिची ओटी भरली. त्या बाईच्या झग्याला पदर कुठून असणार? तिनं बिचारीनं दोन्ही हातांची ओंजळ केली. बँड थांबला. सगळी बोट आमच्याकडे बघत होती, लुगडं नेसलेल्या माझ्या आईकडे आणि अनवाणी बाबांकडे. वरचा साहेब दारात उभा होता. दादानं नुसतं हसून, ओळख न दाखवता, आम्हाला बाजूला नेलं असतं तर त्याची नोकरी सुखरूप होती. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

तो मोठ्यांदा म्हणाला, "आई!" आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग उभा राहून त्यानं त्या बाईला सगळं समजावलं. ती विधवा होती. आपल्या कपाळाला कुणी काय लावलं हे कळल्यावर ती हसली नाही, नारळ छातीशी धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. आईला चूक कळली तेव्हा आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. भरली ती भरली." साहेबानं दादाला उतरवायचं ठरवलं होतं, पण त्या बाईनं आणि तिच्या मैत्रिणींनी असा काही गिल्ला केला की दादा राहिला. मिस्ये साशा हे नाव मात्र त्यानं तिथेच टाकलं. पुढे बायका त्याला कसंबसं 'साकाराम' म्हणायच्या आणि तो दर वेळी दुरुस्त करायचा.

आईनं मात्र धसका घेतला. आज म्हातारी, उद्या तरणी कशावरून नाही? त्याच सुट्टीत प्लेन दे पपाय गावची वनिता बघून लग्न उरकून टाकलं. मुलगी शांत, कामसू, मान खाली घालून चालणारी. दादा आला की चार आठवडे अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि पुन्हा बोटीवर. मला वाटायचं, या दोघांचं जमणार कसं? एकाचे पाय जमिनीला लागत नाहीत आणि दुसरी जमिनीवरून डोळे उचलत नाही.

मग क्युरपिपचा तो प्रसंग. साठच्या दशकाच्या मध्याला मादाम ओदेत देश सोडून निघाली, तिच्या निरोपाचा समारंभ होता. दादा वहिनीला आणि मला घेऊन गेला. वहिनीनं जांभळी साडी नेसली होती, सुरेख दिसत होती. संगीत सुरू झालं. दादा सगळा हॉल ओलांडून तिच्यासमोर आला आणि त्यानं हात पुढे केला. सगळ्या जगातल्या बायका त्या हातासाठी थांबलेल्या मी ऐकल्या होत्या. वहिनीनं पदर घट्ट ओढला. "लोकं बगतात," एवढंच म्हणाली आणि बाहेर जाऊन पावसात उभी राहिली. दादाचा हात तसाच राहिला, थोडा वेळ… मग त्यानं तो कोटाच्या खिशात घातला. त्या संध्याकाळी तो कुणाबरोबरच नाचला नाही. मादामबरोबरही नाही. लगेच पुढच्या बोटीनं गेला आणि बराच काळ परतला नाही.

परतला तो कायमचा, आपलं बेट इंग्रजांपासून स्वतंत्र झालं त्याच्या आसपास. विमानं आली होती, बोटी ओस पडत होत्या. येताना क्युरपिपमध्ये मागे राहिलेला मादामचा जुना ग्रामोफोन विकत घेऊन आला. बों अक्योयला घर वाढवलं, पुढच्या खोलीला हट्टानं फळ्यांची जमीन केली. पुढे दिलीपनं सगळ्या घराला टाईल्स लावल्या तेव्हाही त्या खोलीला हात लावू दिला नाही. दर वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी एक नारळ सोलून त्याच्या सोडणाचे दोन भाग करायचे, एक त्याचा, एक वहिनीचा, आणि दोघांनी खोलीचं दार लावून जमीन घासायची. मेण सुकेपर्यंत कुणी आत यायचं नाही असा कडक हुकूम. आतून ग्रामोफोन ऐकू यायचा. आम्ही बाहेर मोदक वळत बसायचो आणि म्हणायचो, बघा, या माणसाला जमीन पुसायलासुद्धा बँड लागतो.

परवा चतुर्थीचा आदला दिवस आला आणि मला क्युरपिपच्या घरात राहवेना. या वर्षी दादाच्या घरी सण नाही, गणपती नाही, मला ठाऊक होतं. तरी बस पकडली, मध्ये बदलली, बों अक्योयला उतरले. घरात कुणी दिसेना. पुढच्या खोलीचं दार लोटलेलं आणि आतून मेणाचा वास. ग्रामोफोन मात्र बंद होता. मी दार ढकललं.

वहिनी एकटी होती. ऐंशीची बाई, उजव्या पायाखाली सोडण. जमीन घासणारं माणूस पुढे सरकतं आणि खाली बघतं. वहिनी मागे मागे जात होती, डोळे मिटून. एक हात बाजूला धरलेला, दुसरा हवेत, उंच माणसाचा खांदा असतो तिथे. मागे कपाटाचा कोपरा आला. मी ओरडणार होते, पण ती न बघताच अलगद वळली आणि खिडकीकडे निघाली. इतक्या वर्षांची बंद दारं, तो ग्रामोफोन, पलंगावरचं दादाचं ते हसू… मी चौकटीला धरून उभी राहिले.

तिनं डोळे उघडले. मला बघून दचकली नाही.

"लोकांसमोर नाय म्हटलं होतं मी," ती म्हणाली. "नाचणार नाय, असं कवा म्हटलं?"

मला हुंदका आवरेना. ती मात्र रडत नव्हती, दमली होती. भिंतीशी दुसरं सोडण पडलं होतं, या वर्षीच्या नारळाचंच, कोरं. तिनं ते पायानं माझ्याकडे सरकवलं.

"उभी काय ऱ्हायलीस? फुडं यायला कोण तरी लागतं. एकटीनं नीट व्हत नाय."

मी चपला काढल्या. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मी आईनं शिकवल्याप्रमाणे उजवा पाय पुढे टाकला. तो थेट तिच्या बोटावर.

"डावा," वहिनी म्हणाली. "डावा पाय आधी, चंपे."

मी सोडण डाव्या पायाखाली घेतलं आणि पुढे सरकले, आणि वहिनीनं पुन्हा डोळे मिटले.