नऊ हजार सातशे चोपन्न

त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण ऑफिसात सगळे त्यांना टेपबाई म्हणत. पर्समध्ये एखादे वेळी कंगवा नसेल, मोजायची टेप असायचीच. वीस वर्षं त्या एका इंजिनिअर साहेबांकडे इमारतींचे नकाशे काढत होत्या. दहा मिनिटं झाली की खुर्चीवरून उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, परत यायचं. हिच्या पायाला भिंगरी आहे, असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते काही कौतुकाने नसे.

नवरा गवंडी. त्यामुळे घरात दोन मापं नांदत होती. तो इंच आणि सूत यांत बोले, म्हणजे इंचाचे आठ भाग करून त्यातला एक तो सूत. त्या मिलिमीटरमध्ये बोलत. स्वयंपाकघरातल्या फळीवरून दोघांचं एकदा असं जुंपलं, की सासूबाईंनी दोरीने माप घेतलं आणि सुताराला ती दोरीच नेऊन दिली.

त्या वर्षी एका शाळेची दुसरी इमारत बांधायची होती. पहिली शेजारीच उभी होती आणि तिचे नकाशे फूट-इंचांत होते. साहेब म्हणाले, नवी हुबेहूब तशीच हवी, फक्त मापं मिलिमीटरमध्ये करा, शुक्रवारपर्यंत. टेपबाईंनी प्रत्येक इंचाला पंचवीस पूर्णांक चारने गुणलं. सिमेंटच्या सांध्यासकट सोळा इंचांचा ब्लॉक चारशे सहा झाला. बत्तीस फुटांची पुढची भिंत झाली नऊ हजार सातशे चोपन्न.

गुणाकार दोनदा तपासला. बरोबर होता. तरी तो आकडा दातात अडकल्यासारखा त्यांना सलत राहिला. भाजी चिरताना आठवायचा, बसमध्ये आठवायचा. साहेबांकडे त्यांनी एकदा विषय काढला, तेव्हा साहेबांनी एवढंच विचारलं की गणित चुकलंय का. नाही, म्हटल्यावर नकाशे साइटवर गेले.

योगायोगाने काम नवऱ्याच्याच टोळीला मिळालं. पायाचं काँक्रीट झालं. पुढच्या भिंतीसाठी त्यातून बारा सळया उभ्या ठेवल्या होत्या. ब्लॉक आतून पोकळ असतात. सळई त्या पोकळीतून वर न्यायची आणि भोवती काँक्रीट भरायचं, की भिंत पक्की होते. त्या सळयांची जागा टेपबाईंच्या नकाशावरूनच ठरली होती.

एका सुट्टीच्या सकाळी चहा पिता पिता नवरा सहज म्हणाला, की नवे ब्लॉक आलेत, पण दोन सूत कमी भरतायत. कारखान्याने साचे बदललेत म्हणे.

टेपबाईंचा कप तसाच राहिला. त्यांनी चपला घातल्या.

"अगं, आज साइट बंद आहे," नवरा म्हणाला.

"ब्लॉक तर तिथेच आहेत ना? चला."

ब्लॉक तीनशे नव्वद लांबीचा भरला. त्यात दहाचा सांधा धरला की सरळ चारशे. चारशे सहा नव्हे. वीस वर्षं कागदावर भिंती काढल्या, पण ब्लॉक त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा टेप लावून मोजला. मग त्यांनी नवऱ्याला सळयांच्या कडेने ब्लॉक मांडायला लावले. मध्ये सांध्याएवढी लाकडाची चीप ठेवायची आणि पुढचा मांडायचा. कुरकुरत, कंबर धरत त्याने चोवीस ब्लॉक मांडले. टोकाला सहा इंच जागा उरली.

"तुकडा घालीन," तो म्हणाला. "वरून गिलावा होणार. कोणाला दिसतंय?"

"टोकाचं सोडा. सळया बघा."

पहिल्या पाच सळया पोकळीसमोर होत्या. सहावी ब्लॉकमधल्या दोन पोकळ्यांच्या मधल्या पडद्यापाशी आली होती. नववी तर बरोबर पडद्याच्या मधोमध. बारावी तेवढी सरकत सरकत पुढच्या पोकळीत निघाली होती. बारांपैकी सहा सळयांवर ब्लॉक उतरलाच नसता. नवरा उकिडवा बसला आणि एकेका सळईवर बोट ठेवत गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी त्या त्यांच्या दारात येरझाऱ्या घालत होत्या. साहेबांनी सगळं ऐकलं आणि कारखान्यावर ढकलू म्हणाले. साचे बदलले तर कळवायला नको होतं का त्यांनी?

"त्यांनी माहितीपत्रक पाठवलं होतं, साहेब," टेपबाई म्हणाल्या. "माझ्याच टेबलावर होतं. मी गुणाकार करत बसले आणि ते उघडलंच नाही."

साहेबांनी कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाले, तीन दिवसांत नवे नकाशे द्या. शाळेला मी सांगतो.

टेपबाईंनी गुणाकार बाजूला ठेवला आणि ब्लॉक मोजत नकाशे काढले. पुढची भिंत चोवीस ब्लॉकांची, नऊ हजार सहाशे. उंची ब्लॉकच्या थरागणिक, दोनशेच्या पटीत. दारं, खिडक्या सगळ्या पूर्ण किंवा अर्ध्या ब्लॉकवर. वर्ग सहा इंचांनी आखूड झाला. मुख्याध्यापिकांनी एक बाक कमी बसेल का एवढंच विचारलं. सगळे बाक बसत होते.

चुकीच्या सहा सळया कापल्या. शेजारी नवी भोकं पाडून, त्यात रसायन भरून दुसऱ्या बसवल्या. ते काम नवऱ्याने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. घरी मात्र चार दिवस त्याचा आवाज चढलेला होता.

साहेबांनी पुढचं मोठं काम ऑफिसातल्या दुसऱ्या मुलीकडे दिलं. टेपबाईंना ते लागलं. पण त्या मुलीने सुरुवात कुठून करू असं विचारलं, तेव्हा त्यांनी तिला आधी ब्लॉकच्या कारखान्यात पाठवलं.

महिन्याभराने नवरा संध्याकाळी हात धुता धुता म्हणाला, "पुढची भिंत पुरी झाली. एकही ब्लॉक कापावा लागला नाही."

टेपबाईंनी विचारलं, की बारा पोकळ्यांत काँक्रीट तळापर्यंत उतरलंय ना. उतरलंय, तो म्हणाला. प्रत्येक पोकळी ठोकून बघितली का, त्यांनी विचारलं. सहा बघितल्या, तो म्हणाला.

"उरलेल्या सहा?"

त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि बायकोकडे पाहिलं. तोवर त्या उठून दारापाशी पोचल्या होत्या.