आपोआप शुद्ध होणारा तलाव

चहा घ्या आधी. एवढंच करा, मी सांगत असताना घोट तोंडात ठेवू नका, ठसका लागेल. मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय हे तुम्हाला माहीतच आहे. मी ते कोणाला विसरू देतो का? पण त्या पीएचडीत मी जी अक्कल पाजळली, ती गोष्ट अजून आमच्या गावाबाहेर फारशी गेलेली नाही. माझ्यासारखा शिकलेला गाढव अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नाही, आणि हे मी उगाच म्हणत नाही, माझ्याकडे चार वर्षांचा डेटा आहे!

विषय माझा तलावांच्या पाण्याचा. आपल्याकडे तलावांना काय तोटा? तीन निवडले. एक दिघोरीकडचा, एक शहापूरजवळची बोडी, म्हणजे लहानसं तळं, आणि तिसरा मोहाडी तालुक्यातला, आमच्याच गावचा. आमच्याच गावचा का, याचं शास्त्रीय कारण प्रबंधात दीड पानभर दिलंय. खरं कारण असं, की तिथं गेलं की आईच्या हातचं जेवायला मिळतं.

आम्ही ढिवर. बाबांचा सगळा जन्म त्या तलावावर मासे धरण्यात गेला, गावच्या मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष. बारावीपर्यंत मीही त्यांच्यासोबत डोंग्यात बसलो, जाळी ओढली. पण पीएचडीला नाव लागलं आणि माझ्या अंगाचा मासळीचा वास गेला. त्या जागी शहाणपणाचा दर्प आला, तो जास्त लांबून यायचा.

पहिल्याच वर्षी आमच्या तलावाचं पाणी आम्लधर्मी निघालं. जेवायला बसल्यावर मी ते जाहीर केलं, जज निकाल वाचतो तसं. "बाबा, तुमच्या तलावाचं पाणी खराब आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "किती खराब?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, ते तुम्हाला नाही कळायचं, त्याला मशीन लागते. बाबा खाली मान घालून जेवले. ती खाली मान मी माझ्या विद्वत्तेचा आदर समजलो.

आणि तिथून चमत्कार सुरू झाला. पुढच्या खेपेला पाणी जरा सुधारलेलं. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. दिघोरीचं होतं तसंच, बोडीचं होतं तसंच, आमचा तलाव मात्र पठ्ठ्या महिन्यागणिक सुधारत चाललेला. आता साध्या माणसाला काय वाटलं असतं? कोणीतरी काहीतरी केलं असेल, जाऊन विचारू. पण मी साधा माणूस थोडाच होतो? मी सिद्धांत मांडला. हा तलाव स्वतःचं पाणी स्वतः शुद्ध करतो!

आता माझी काम करायची पद्धत ऐका. सॅम्पल घ्यायचं असलं की मी आदल्या दिवशी फोन करायचो, बाबा, उद्या येतो, डोंगा तयार ठेवा. दुसऱ्या दिवशी बाबाच डोंगा वल्हवायचे. एकदोनदा ते काही सांगायला लागले तर मी बोट ओठावर ठेवलं. सॅम्पल घेताना बोलायचं नाही, बाबा, लक्ष विचलित होतं. बाटलीत पाणी भरायला कसलं लक्ष लागतं, हे मला आजही माहीत नाही.

डोंग्याच्या फळ्यांवर दर वेळी पांढरे डाग दिसायचे. ते दिसले नाहीत असं नका समजू, चांगले दिसले! मी वहीत नोंद केली की तलावावर बगळ्यांचा वावर वाढला आहे. पुढे त्याचा एक परिच्छेद झाला.

आमच्या गाइड सरांबद्दल काय बोलू? चार वर्षांत त्यांनी माझं एक पान वाचलं नव्हतं. आईनं पाठवलेल्या मासळीचा डबा मात्र ते शेवटपर्यंत लक्ष देऊन संपवायचे. पण सिद्धांत ऐकला आणि सर एकदम जागे झाले. पेपर लिहायला घेतला, त्यावर त्यांचं नाव पहिलं आणि माझं दुसरं. हे फार मोठं काम आहे, असं ते कॉलेजभर सांगत फिरले. मी लाजल्यासारखं करायचो. इतकं खोटं लाजणं मी लग्नातल्या नवरीचंही पाहिलेलं नाही.

मग आली कमिटी. माझी मुदतवाढ शेवटची होती. कमिटीनं हो म्हटलं तर प्रबंध जमा करायचा, नाही म्हटलं तर चार वर्षं पाण्यात, आणि गावात पानटपरीवर बसून 'मी पीएचडी करत होतो' असं सांगत म्हातारं व्हायचं. कमिटीत नागपूरच्या एक मॅडम होत्या. त्यांनी माझे सगळे आलेख शांतपणे पाहिले आणि एकच विचारलं, "या तलावात कोणी काही टाकतं का?"

मी हसलो. हो, हसलो! म्हटलं, मॅडम, तिथं सगळे अडाणी मच्छीमार आहेत, ते काय टाकणार? सरांनीही मान हलवली. मॅडम म्हणाल्या, मग आपण तलावच बघून येऊ.

आठवड्याभरात गाडी आमच्या गावी. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे, आईनं चहा आणि पोहे केलेले. मी आपला हात लांब करून करून आपोआप शुद्ध होणारं पाणी दाखवतोय. मॅडमचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या डोंग्यापाशी गेल्या, फळीवरचा माझा तो बगळ्यांचा वावर बोटानं खरवडला, चिमटीत चोळून पाहिला आणि बाबांना विचारलं, "दादा, हे काय आहे?"

"चुना आहे, मॅडम," बाबा म्हणाले.

सर चहाच्या कपात बघायला लागले. मॅडमनी विचारलं, चुना कशासाठी?

"पोरगं म्हणे पानी खराब आहे. पानी आंबूस झालं का आमी चुनाच टाकतो, माहा बापही टाके. कळीचा चुना डरममंदी भिजवाचा आन डोंग्यातून शिंपाचा. याचा फोन आला का मी त्याच दिवशी शिंपून ठेवलो. पोराले आपल्या गावचं पानी कायले खराब दिसाव?"

मॅडमनी विचारलं, किती टाकायचा हे कसं कळतं? बाबा म्हणाले, पाणी जिभेला लावून. आणि तारखा? त्या घरातल्या कॅलेंडरवर होत्या, दर तारखेखाली किती पोती ते लिहिलेलं. मी ते कॅलेंडर चार वर्षं पाहत होतो. मला वाटायचं, आई दुधाचं लिहिते.

आता तुम्ही 'चुना लावला' हा विनोद काढणारच. काढा. गावाचा काढून झाला आहे.

मी बाबांवर चिडलो, खोटं कशाला बोलू? सगळ्यांदेखत म्हणालो, बाबा, मला सांगायचं तरी! बाबांना खरंच नवल वाटलं. "तू तं बोलू देत नोहता," ते म्हणाले. "आन लहानपनी चुन्याचे पोते तूच तं उचलून आनत होता, बाबू. मले वाटलं, तुले मालूम आहे."

ते ऐकलं आणि मला ती पोती आठवली. खांदे कसे चुरचुरायचे, तेही आठवलं. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. चार वर्षं यंत्र लावून मी जे शोधत होतो, ते मी सहावीत असताना माझ्या खांद्यावर होतं!

मॅडमनी कॅलेंडर मागवून घेतलं, माझ्या आलेखांशेजारी ठेवलं आणि एकेक महिना ताडून पाहिला. एकही महिना चुकला नव्हता. एका तलावात चुना, दोन तलावांत नाही, चार वर्षांच्या नोंदी, यापेक्षा नेटका प्रयोग दुसरा काय असतो? विषयाचं नाव बदला, म्हणाल्या, आपोआप वगैरे काढा, चुन्याचा परिणाम म्हणा, काम पास आहे. मी सुटकेचा श्वास घेतला, तो पुरता बाहेरही आला नव्हता. "तुमच्या वडिलांनी प्रबंध पूर्ण केलाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त टाइप करा."

सर लगेच म्हणाले, मी याला पहिल्यापासून हेच सांगत होतो.

तर सध्या टायपिंग चालू आहे. बगळ्यांचा परिच्छेद काढला. आता दर वाक्य बाबांना विचारून लिहितो आणि ते चुका काढतात. परवा दुपारी तिसऱ्यांदा तेच पान दुरुस्त करत होतो, तेव्हा बाबा जाळं विणता विणता थांबले आणि म्हणाले, "तलाव तं सुधरला, बाबू. आता तुह्यात काय टाकाव लागन, तेवढं मशीन लावून सांग."