शोभनाबाईंचा किल्ट रॉक

कराडच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या शोभना इनामदारांना कुठल्याही कागदावरचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड होती. ही खोड नसती तर त्यांचा तो जुलै सुखात गेला असता.

मे महिन्यात त्या आयर्लंडात, डब्लिनजवळच्या ल्यूकनला मुलाकडे उतरल्या. मुलगा प्रसन्न आणि सून भार्गवी दोघंही आयटीत, थोरला अथर्व आठ वर्षांचा, धाकटी साक्षी जेमतेम वर्षाची. भार्गवीची रजा संपत आली होती आणि घरचं माणूस हवं होतं. तीन महिने इकडची आजी, मग तीन महिने तिकडची, अशी पाळी ठरलेली. आपल्याकडे याला मुलाकडे फिरायला जाणं म्हणतात. बाईंनी तीन महिन्यांत काय फिरवलं म्हणाल, तर साक्षीची बाबागाडी, पार्कपर्यंत आणि परत.

त्यांनी यावं म्हणून प्रसन्नने फोनवर आधीच आमिष दाखवलं होतं. “आई, जुलैत आपण स्कॉटलंडला जाऊ. स्काय बेटावर. तुझा तो किल्ट रॉक दाखवतो.”

किल्ट रॉक म्हणजे समुद्रात सरळ उतरणारा कडा. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो आणि त्याचे एकमेकांना चिकटलेले उभे खांब होतात. हे बाईंनी फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं. आपल्या कोल्हापूरकडेही तसे खांब आहेत. तिथे त्या शाळेची सहल घेऊन गेल्या आणि दिवसभर पोरांची डोकी मोजत बसल्या, दगड बघायचे राहूनच गेले. आता एकदा, कोणाचंही डोकं न मोजता, तसा कडा उभं राहून बघायचा होता. एवढीच इच्छा. सोनं मागितलं नव्हतं बाईंनी.

मग त्यांनी वहीत बेट उतरवून काढलं. पहिल्या दिवशी बंदरावरची रंगीत घरं. दुसऱ्या दिवशी किल्ल्याजवळून होडीने सील बघायला. ओहोटीची वेळ साधून खडकावरचे डायनोसॉरचे ठसे. पऱ्यांच्या डोहांना सकाळी लवकर, नंतर गर्दी होते. आणि किल्ट रॉक तिसऱ्या दिवशी, सकाळीच, कारण कडा पूर्वेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर सावलीत जातो. दोन महिने त्या रोज जेवताना हे वाचून दाखवत आणि प्रसन्न मान डोलवत “सही आहे आई” म्हणे. अथर्व तिकडच्या पोरांसारखं म्हणे, “ग्रँड, आजी.”

निघायच्या आदल्या सकाळी बाई धपाटी थापत होत्या, वाटेत चौघांना पुरतील एवढी. प्रसन्न ओट्याशी येऊन उभा राहिला.

“आई, एक प्रॉब्लेम झालाय. तुझ्या व्हिसावर ब्रिटनला चालेल अशी नोंदच नाहीये. माझ्या आत्ता लक्षात आलं.”

“बेलफास्टपर्यंत गाडीने जायचं, त्या रस्त्यावर तर कोणी तपासत नाही म्हणालास ना?”

“नाही तपासत गं. पण पुढे स्कॉटलंडच्या बोटीवर विचारलं तर? आमचा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे. उगाच लफडं नको.”

भार्गवी मागून म्हणाली, “आणि आई, साक्षीलाही एवढा प्रवास झेपला नसता. तुम्ही आहात म्हणून बरं.”

बाईंचं थापणं थांबलं. पण नियम तो नियम, आणि पोराच्या अर्जात आपल्यापायी खोट नको. त्यांनी धपाटी डब्यात भरली, वहीतली पानं फाडून डब्यावर ठेवली आणि वर त्यालाच समजावलं, “चूक होते रे माणसाकडून.” आईच ती.

शुक्रवारी ते तिघं निघाले आणि दुपारी प्रसन्नचा फोन आला. “आई, बोटीचं बुकिंग घरीच राहिलं आणि माझं ईमेल उघडत नाहीये. किचनच्या प्रेसमध्ये, चहाच्या डब्यांमागे कागद आहे. पटकन फोटो पाठव ना.”

कपाटाला प्रेस म्हणतात हे एव्हाना बाईंना अंगवळणी पडलं होतं. कागद सापडला. फोटो काढून पाठवला. आणि मग खोडीप्रमाणे वाचला.

गाडी एक. मोठी माणसं दोन. मूल एक. बुकिंगची तारीख अकरा मार्च.

अकरा मार्चला बाई कराडात होत्या. ‘आपण जाऊ’ म्हणणारा फोन त्यानंतर, गुढीपाडव्याला आला होता. म्हणजे विसरलं कोणीच नव्हतं. दोन महिने त्या पोटच्या पोराला आपली वही वाचून दाखवत होत्या आणि तो मान डोलवत होता. तोंडाला पानं पुसायची तर निदान लवकर पुसावीत! बाईंना राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली, आपल्या त्या उत्साहाची. साक्षी रडायला लागली तशी त्यांनी तिला उचललं. लेकराचा काय दोष.

मंगळवारी दुपारी मंडळी परतली. सोफ्यावर फोटोंची जत्रा भरली. घरं, सील, डोहात पाय सोडून बसलेली भार्गवी. सगळं बाईंच्या क्रमाने.

“आणि किल्ट रॉक?” बाईंनी विचारलंच. न विचारून राहवेना.

“ते राहिलं गं,” प्रसन्न अंगठ्याने फोटो सरकवत म्हणाला. “रस्त्याला लागूनच होतं, पण पार्किंग फुल. अथर्वला भूक लागलेली. म्हटलं जाऊ दे, शेवटी दगडच ना.”

 बाई उठल्या, साक्षीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि वर्गात उत्तरपत्रिका परत देताना बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, “बुकिंग मार्चचं होतं, प्रसन्न. तारीख वाचली मी. पुढच्या पाळीला मी येणार नाही.”

प्रसन्नचा चेहरा पडला. तो भार्गवीकडे बघू लागला. भार्गवीने फोन खाली ठेवला.

“पण आई,” ती म्हणाली, “इथल्या पाळणाघराची वेटिंग लिस्ट दीड वर्षाची आहे.”